एक टेबल, तीन सीपीयू

पुण्याच्या शनिवार पेठेतल्या आमच्या डीटीपीच्या खोलीत एका टेबलावर तीन मशीन चालतात. एक विंडोज एक्सपीचं, त्यात पेजमेकर आणि जुने मराठी फॉन्ट. दुसरं नवं, इनडिझाइन आणि युनिकोडचं. तिसरा लॅपटॉप, मेल आणि बिलांसाठी. मॉनिटर, कीबोर्ड, माउस मात्र एकेकच, आणि मधे केव्हीएम स्विच. बटण दाबलं की तेच तिन्ही पुढच्या मशीनला जोडले जातात. ओळखीतले छापखानेवाले, सीए, दवाखान्याचं रिसेप्शन सांभाळणाऱ्या मैत्रिणी, कुणालाही असा स्विच घ्यायचा झाला की मला फोन येतो. फोनवर सांगते तेच इथे जरा सविस्तर लिहिते.

१. आधी सगळ्यांत जुन्या मशीनकडे बघा

दुकानात पहिला प्रश्न येतो, ‘मॅडम, फोर-के पाहिजे का?’ म्हणजे नव्या मशीनचा. नवं मशीन कुठल्याही स्विचशी जमवून घेतं. अडतं ते जुनं.

मग जुनं काढून का टाकत नाही? पेजमेकरची शेवटची आवृत्ती, ७.०, आली २००१ साली. त्यात आणि त्याच्या आधीच्या आवृत्त्यांत जुळवलेली शेकडो मराठी पुस्तकं आमच्यासारख्यांच्या हार्ड डिस्कवर पडून आहेत. एखादा प्रकाशक उठतो आणि म्हणतो, ‘त्या पुस्तकाची नवी आवृत्ती काढायची आहे, फक्त मुखपृष्ठ आणि किंमत बदला.’ जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये नेणारी कन्व्हर्टर आहेत, पण त्यातून गेलेल्या मजकुरात रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसतो, एखादं जोडाक्षर फुटतं, आणि तीनशे पानांचं प्रूफ पुन्हा मुळापासून वाचावं लागतं. त्या वाचनाचे पैसे कोणी देत नाही. त्यामुळे एक्सपीचं मशीन जिवंत ठेवणं भाग आहे. असं एखादं मशीन बहुतेक सगळ्यांकडे असतं. दवाखान्यात ते सोनोग्राफीच्या जुन्या सॉफ्टवेअरसाठी असतं, वर्कशॉपमध्ये सीएनसीसाठी.

मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ ला एक्सपीला अपडेट देणं बंद केलं. म्हणून आमचं ते मशीन नेटवर्कला जोडलेलंच नाही, आणि इथेच अर्धा निर्णय होऊन जातो. ‘माउस विदाउट बॉर्डर्स’सारखी सॉफ्टवेअर एकच माउस दोन मशीनवर फिरवतात, पण त्यांना नेटवर्क लागतं, आणि प्रत्येक मशीनला आपापला मॉनिटर लागतो तो वेगळाच. तुमची दोन्ही मशीन नवी असतील, एकाच वाय-फायवर असतील आणि दोघांना मॉनिटर असेल, तर स्विच घेऊच नका. ते सॉफ्टवेअर मायक्रोसॉफ्टच्या पॉवरटॉइजमध्ये फुकट मिळतं. मॅकवाल्यांकडे युनिव्हर्सल कंट्रोल आहे. बाकीच्यांनी पुढे वाचावं.

२. मागे वाकून पिना बघा, आणि फोटो काढून न्या

जुन्या मशीनच्या पाठीला बहुतेक निळं व्हीजीए असतं, पंधरा पिनांचं. नव्याला एचडीएमआय किंवा डिस्प्लेपोर्ट. व्हीजीएतून चित्र अॅनालॉग येतं, बाकी दोन्हींतून डिजिटल. त्यामुळे नुसती वायर चालत नाही, मधे चिप असलेला कन्व्हर्टर लागतो, आणि त्याला दिशा असते. ‘एचडीएमआय टू व्हीजीए’ आणि ‘व्हीजीए टू एचडीएमआय’ या दोन वेगळ्या वस्तू आहेत, हातात घेतल्या तर सारख्याच दिसतात. खपते पहिली. त्यामुळे न विचारता हातात पडते तीही पहिलीच. आपल्याला बहुतेक वेळा दुसरी हवी असते, म्हणजे जुन्या सीपीयूतून निघून नव्या स्विचमध्ये जाणारी. तिला वीजही लागते. म्हणजे जुन्या मशीनचं एक यूएसबी पोर्ट तिथे गेलं, हे धरून चाला. डीव्हीआय असेल तर तुमचं नशीब चांगलं. त्याचं डिजिटल चित्र साध्या केबलने एचडीएमआयला जातं.

लॅपटॉपचं टाइप-सी दिसलं म्हणून त्यातून चित्र येईलच असं नाही. काही टाइप-सी फक्त चार्जिंग आणि डेटापुरती असतात.

३. बटण कोणतं आणि ते कोणाच्या बोटाखाली येणार

हा मुद्दा खोक्यावर छापलेला नसतो आणि दुकानदाराला तो सांगून पटत नाही. तरी माझ्या मते स्विच निवडताना सगळ्यांत जास्त विचार याचाच करावा.

बऱ्याच स्विचमध्ये हात न उचलता मशीन बदलायची सोय असते. एखादी की दोनदा दाबायची. ही की बहुतेक वेळा स्क्रोल लॉक असते. कंपनीचा हिशेब बरोबरच आहे, ती की कोण वापरतं? तर आम्ही वापरतो. आमच्या जुन्या मशीनवर मराठी-इंग्रजी अदलाबदल स्क्रोल लॉकवर बसवलेली आहे, आणि आमच्यासारख्या अनेक ठिकाणी ती तशीच आहे. हाताला वर्षानुवर्षांची सवय आहे.

आता टेबलावर काय होतं ते बघा. आमची ऑपरेटर अनुक्रमणिका जुळवते आहे. मधे प्रकाशकाचं नाव इंग्रजीत टाकायचं आहे. ती स्क्रोल लॉक दाबते. कीबोर्डवरच्या बारक्या दिव्याकडे कोण बघत बसतं? आपण मराठीत आहोत की इंग्रजीत अशी शंका येते, ती पुन्हा दाबते. लागोपाठ दोनदा. स्क्रीन काळी होते, आणि उजाडते ती लॅपटॉपची. बोटं मात्र थांबलेली नसतात. पुढची अर्धी ओळ उघड्या मेलमध्ये जाऊन पडते, आणि जुन्या फॉन्टच्या कीबोर्डप्रमाणे टाइप झालेली असल्याने तिथे इंग्रजी अक्षरांचा नुसता चिवडा दिसतो. ‘ताई, मेल हॅक झालाय,’ अशी हाक मी ऐकलेली आहे.

कंट्रोल की दोनदा दाबायची सोय असलेले स्विच मिळतात. पण पानं जुळवणाऱ्याचं बोट दिवसभर कंट्रोलवरच असतं, त्यामुळे ती सोय आम्हाला आणखी नडते. म्हणून तीन गोष्टी विचारून घ्या. ही की बदलता येते का, पूर्ण बंद करता येते का, आणि वायरच्या टोकाला टेबलावर ठेवायचं सुटं बटण येतं का. सुटं बटण असेल तर स्विच टेबलाखाली चिकटवता येतो आणि तीन मशीनच्या केबलींचा गुंता नजरेआड जातो. तुम्ही मराठी टंकनाच्या भानगडीत नसलात, तरी तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये कुठली की सारखी दाबली जाते ते पाहून मगच दुकानात जा.

४. कीबोर्ड खरा की तोतया

स्वस्त स्विच आतून नुसती जोडणी बदलतो. एका मशीनमधून कीबोर्ड उपटून दुसऱ्यात खोचावा, तसं मशीनला वाटतं. दर वेळी ‘नवीन हार्डवेअर सापडलं’ होतं आणि सेकंद-दोन सेकंद जातात. जुनं मशीन सुरू करताना तुम्ही दुसऱ्यावर असलात तर ते अडूनच बसतं. कीबोर्ड दिसत नाही, पुढे जायला एफ-वन दाबा, असा संदेश स्क्रीनवर येतो. (हा विनोद लिहिणाऱ्या इंजिनिअरला मी कधीतरी भेटणार आहे.)

चांगला स्विच प्रत्येक मशीनला आपल्याकडून एक खोटा कीबोर्ड आणि खोटा माउस सतत दाखवत राहतो. खोक्यावर याला इम्युलेशन म्हणतात. जुन्या मशीनसाठी हे हवंच. तोटा असा की तो खोटा कीबोर्ड अगदी साधा असतो. तुमच्या महागड्या माउसची बाजूची बटणं किंवा आवाज कमी-जास्त करायच्या कळा त्याला कळत नाहीत. आम्हाला त्या लागत नाहीत. व्हिडिओ एडिटिंग करणाऱ्यांना लागतात. त्यांनी इम्युलेशन चालू-बंद करता येणारा स्विच शोधावा.

एक्सपीच्या काळातल्या मशीनमध्ये बायोसमध्ये जाऊन यूएसबी कीबोर्डची सोय ‘एनेबल’ आहे ना, तेही बघून ठेवा. नाहीतर विंडोज चालू होईपर्यंत यूएसबी कीबोर्ड मुका राहतो.

५. लॉक, पेनड्राइव्ह आणि प्रिंटर

स्विचला पुढे एखादं-दोन जादा यूएसबी पोर्ट असतात. दिसायला सोयीची, पण त्यात काय खोचायचं ते ठरवून खोचा. तिथे लावलेली वस्तू बटणाबरोबर फिरते.

फॉन्टच्या जुन्या सॉफ्टवेअरचं लॉक, म्हणजे ज्याच्याशिवाय ते चालत नाही तो खोचायचा तुकडा, तिथे लावायचं नाही. तुम्ही लॅपटॉपवर गेलात की लॉकही गेलं, आणि उघड्या फायलीसकट सॉफ्टवेअर रुसतं. लॉक त्याच्या स्वतःच्या सीपीयूच्या पाठीत, कायमचं. ते हरवलं तर आता बदली मिळणं कठीण, म्हणून आमच्याकडे त्यावर टेप मारलेली आहे. याउलट सीए मित्राचं डीएससीचं, म्हणजे डिजिटल सहीचं टोकन. ते त्याला दोन्ही मशीनवर लागतं, त्याच्यासाठी हेच पोर्ट वरदान. फक्त सही होईपर्यंत बटणाला हात लावायचा नाही.

प्रिंटरही तसाच. बटर पेपरवर प्रिंट निघत असताना बटण दाबलं की अर्ध्या पानावर काम थांबतं. नंतर रांगेत अडकलेलं ते पान काढताना वैताग येतो.

पेनड्राइव्हचं मी जरा जास्तच मनावर घेते. कॉपी चालू असताना मशीन बदललं तर तो ‘इजेक्ट’ न करता उपटल्यासारखाच असतो. फाइल जाते, कधी अख्खा पेनड्राइव्ह जातो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, नेटवर्कपासून मुद्दाम वेगळं ठेवलेलं एक्सपी आणि दिवसभर मेल उघडणारा लॅपटॉप यांच्यात हा पेनड्राइव्ह आपोआप ये-जा करू लागतो. मग ते मशीन वेगळं ठेवून काय मिळवलं? आमच्याकडे जुन्यातून पीडीएफ बाहेर काढायला एकच ठरलेला पेनड्राइव्ह आहे. तो थेट सीपीयूत लागतो, आणि नव्या मशीनवर स्कॅन झाल्याशिवाय उघडत नाही.

आणि हो, स्विच फायली इकडून तिकडे नेत नाही. हा प्रश्न मला प्रत्येक जण विचारतो, म्हणून लिहिलं.

६. मॉनिटरचं ओळखपत्र

मॉनिटर मशीनला स्वतःची माहिती देतो. नाव काय, कोणकोणती रेझोल्युशन चालतात, किती हर्ट्झ. या माहितीचा मूळ तुकडा १२८ बाइटचा असतो, तिला ईडीआयडी म्हणतात. साधा स्विच तुम्ही दुसऱ्या मशीनवर गेलात की ही तारही तोडतो. मागे राहिलेल्या मशीनला वाटतं मॉनिटरच गेला. परत यावं तर खिडक्या सरकलेल्या, पॅलेट डाव्या कोपऱ्यात गोळा झालेली, डेस्कटॉपवरचे आयकॉन इकडचे तिकडे. दोन मॉनिटर असतील तर विचारूच नका. जुनं मशीन अशा वेळी सुरू केलं तर ते घाबरून ८०० बाय ६०० वर उघडतं आणि प्रत्येक अक्षर वांग्याएवढं दिसतं.

ईडीआयडी धरून ठेवणारा स्विच मिळतो, पैसे थोडे जास्त पडतात. दिवसातून एकदा मशीन बदलणाऱ्याने ते वाचवले तरी चालेल. दिवाळी अंकाच्या दिवसांत आमच्याकडे सारखं इकडून तिकडे चालतं. तेव्हा दर वेळी पॅलेट जागेवर लावत बसायचं म्हणजे फर्मा छापायला उशिरा जाणार.

७. ‘फोर-के’च्या शेजारचं बारीक अक्षर

खोक्यावर फोर-के मोठ्या अक्षरांत असतं. त्याच्या शेजारी, किंवा मागच्या बाजूला, ३० हर्ट्झ असं बारीक लिहिलेलं असतं. ते वाचा. फोर-के म्हणजे ३८४० बाय २१६०, सुमारे ८३ लाख ठिपके. प्रत्येक ठिपक्याला २४ बिट, सेकंदाला ६० वेळा, म्हणजे नुसत्या चित्राचेच सेकंदाला जवळपास १२ गिगाबिट, आणि सोबतचा सगळा सरंजाम धरला की १७.८ च्या घरात. एचडीएमआय १.४ ची वाट १०.२ गिगाबिटची आहे, तिथे हे मावत नाही, म्हणून ती ३० हर्ट्झवर उतरते. एचडीएमआय २.० ची १८ ची आहे, तिच्यात जेमतेम बसतं. डिस्प्लेपोर्ट १.२ ची २१.६, आणि १.४ ची ३२.४.

३० हर्ट्झवर सिनेमा बघता येतो. पान जुळवता येत नाही. माउस मागून येतो, पान सरकवलं की अक्षरं ओघळतात आणि दुपारपर्यंत डोकं धरतं. मराठीत बारीक टाइपातला अनुस्वार, रफार, उकार पडद्यावरच नीट दिसले तर प्रूफाची एक फेरी वाचते, म्हणून फोर-के आम्हाला हवाच होता. पण ६० हर्ट्झचा. जुन्या मशीनला मात्र आम्ही १९२० बाय १०८० वर ठेवतो. ते दोन्ही बाजूंनी बरोबर निम्मं पडतं, त्यामुळे मॉनिटरला आकार वाढवायला सोपं जातं.

इथेच केबलचंही सांगते. सीपीयू ते स्विच आणि स्विच ते मॉनिटर, या दोन्ही केबलींची लांबी मिळून मोजायची. फोर-केला ६० हर्ट्झवर साध्या तांब्याच्या केबलीने मी एकूण तीन मीटरच्या पुढे जात नाही. चित्र मधेच लुकलुकायला लागलं की लोक स्विच बदलायला निघतात, आणि दोष असतो रस्त्यावरून घेतलेल्या केबलीचा.

काही स्विचच्या केबली अंगालाच जोडलेल्या असतात, काहींच्या टोकाला त्या कंपनीची खास पिन असते. एक केबल उंदराने कुरतडली की अख्खा स्विच गेला. पेठेतल्या जुन्या वाड्यात हा मुद्दा काल्पनिक नाही. सुट्या, बाजारात कुठेही मिळणाऱ्या केबली लागणारा स्विच घ्या.

८. गुरुवार

पुण्यात दुरुस्तीसाठी वीज जाते ती बहुधा गुरुवारी. यूपीएसवर सीपीयू आणि मॉनिटर असतात, पण स्विचचा बारका अडॅप्टर कुठल्यातरी भिंतीतल्या पॉइंटला. वीज गेली की तिन्ही मशीन चालू, मॉनिटर चालू, आणि कीबोर्ड, माउस, चित्र सगळं मेलेलं. सेव्ह करायलासुद्धा हात नाही. अडॅप्टर यूपीएसवर घ्या. अडॅप्टरशिवाय, यूएसबीतून वीज घेणारा स्विच दोन मशीनना पुरतो. पण तीन मशीन, वर जादा पोर्टात काहीतरी खोचलेलं, असं असलं की तो दमतो. साध्या यूएसबी २.० पोर्टातून ५०० मिलिअँपियरच अपेक्षित असतात. अडॅप्टरची पिन तरी स्विचवर असायला हवी.

९. वायरलेस माउस अडखळत असेल तर

यूएसबी ३.० चा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास पसरतो आणि वायरलेस माउसही तिथेच बोलतो. इंटेलने २०१२ मध्येच यावर टिपण काढलं होतं. स्विचमध्ये निळ्या पोर्टाशेजारी माउसच्या रिसीव्हरचा तुकडा खोचला की बाण लंगडतो. हातभर एक्स्टेन्शन केबल लावून तो तुकडा लांब टेबलावर आणा. आम्ही वायरवालाच माउस वापरतो. त्याला सेलही लागत नाही आणि दिवाळीत कोणी तो खिशात घालून घरीही नेत नाही.

१०. किती पोर्ट

दोन मशीन असतील तर दोनचा घ्या, तीन असतील तर चारचा. तीनचे कमी मिळतात. चौथं रिकामं पोर्ट फुकट जात नाही. लेखक स्वतःचा लॅपटॉप घेऊन येतात, ‘माझ्याकडे असंच दिसतंय, तुमच्याकडे का नाही,’ म्हणतात, तेव्हा तो तिथे लागतो.

मॉनिटरही बदलायचाच असेल आणि मशीन दोनच असतील, तर केव्हीएम आत असलेला मॉनिटर बघा. टेबलावरची एक डबी आणि अर्ध्या केबली कमी होतात. पण व्हीजीएचं जुनं मशीन असेल तर त्यात अडकू नका.

११. लावून बघितल्याशिवाय पैसे नाहीत

जुना सीपीयू रिक्षात घालून तापकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात न्यायचा. लोक हसतात, हसू द्या. स्विच लावायला सांगायचा, बटण दुसऱ्या पोर्टावर ठेवून जुनं मशीन सुरू करायचं, आणि ते पूर्ण उघडेपर्यंत बटणाला हात लावायचा नाही. मग त्यावर जायचं. कीबोर्ड चालतो का, रेझोल्युशन आपलं आहे का. नंतर आपल्या रोजच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन ओळी टाइप करायच्या, मराठी-इंग्रजी अदलाबदल करत, मुद्दाम घाईने. शेवटी अडॅप्टर काढून परत लावायचा आणि स्विच शुद्धीवर येतो का ते बघायचं.

दुकानदार म्हणतो, ‘मॅडम, घरी लावून बघा, काही होत नाही.’ मग मी सीपीयू उचलते. तापकीर गल्लीत पुढचं दुकान पाच पावलांवर असतं.